जुन्या गाडीला योग्य स्क्रू-बोल्ट कसा शोधायचा: अँबेसडर, पद्मिनी आणि जीपवाल्यांसाठी

बोल्ट तुटला किंवा हरवला की बहुतेक जण एकच गोष्ट करतात, शेजारचा बोल्ट काढून खिशात टाकतात आणि कोपऱ्यावरच्या हार्डवेअरमधे जाऊन "असाच द्या" म्हणतात. दुकानदार जाडी डोळ्याने बघतो आणि जवळपास तसा दिसणारा काढून देतो. घरी आल्यावर तो हाताने दोन-तीन आटे जातो मग अडकतो, मग पाना लावून जोर करायचा आणि तो जातोही आत, म्हणून सगळे खूश. पण तो बरोबर होता म्हणून गेलेला नसतो, आतले आटे कापत गेलेला असतो. पुढच्या वेळी खोलाल तेव्हा ब्लॉकचे किंवा अॅल्युमिनियम कव्हरचे आटे तारेसारखे बोल्टला गुंडाळून बाहेर येतात आणि वीस रुपयांच्या बोल्टापायी लेथवाल्याकडे अख्खा पार्ट न्यायची वेळ येते.

हे टाळायचं तर एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. बाहेर निघालेला बोल्ट हा पुरावा नाही, भोकातले आटे हा पुरावा. या गाड्या पाच-सहा मालकांच्या आणि त्याच्या दुप्पट फिटरांच्या हातातून गेलेल्या असतात. तुमच्या हातातला बोल्ट कंपनीतून आलेला आहे की मधेच कुणीतरी घाईत ठोकलेला आहे हे तपासल्याशिवाय कळत नाही, आणि चुकीच्या बोल्टाची नक्कल आणली तर चूक पण दुप्पट होते.

खाली पायऱ्या दिल्यात त्या क्रमानेच जा. क्रम उलटा केला की बाजारात दोन-दोन खेपा होतात.

## १. आधी ठरवा, या जागी कुठले आटे असायला हवेत

गाडी खोलायच्या आधी हे काम, कारण काय शोधायचंय ते माहीत असलं की माप घेताना गोंधळ होत नाही.

प्रीमियर पद्मिनी: मूळ फियाट, म्हणून मेट्रिक, म्हणजे एमएमचं माप. पण इटालियन गाड्यांमधे १० एमएम बोल्टाला १.२५ पिच (एका आट्यापासून पुढच्या आट्यापर्यंतचं अंतर, एमएममधे) सर्रास असतो आणि आपल्या बाजारात "दहा एमएम" मागितला की १.५ पिचचा हातात येतो. पद्मिनीवाल्यांची सगळ्यात जास्त फसगत इथेच होते, मेट्रिक तर आहे म्हणून निर्धास्त राहतात.

अँबेसडर: बीएमसी या ब्रिटिश कंपनीचं जुनं इंजिन असेल तर यूएनएफ (बारीक आटे) आणि यूएनसी (जाड आटे), दोन्ही इंची. जुन्या लुकास पद्धतीच्या इलेक्ट्रिकल सामानात बीए नावाचे बारीक स्क्रू सापडतात. १९९० च्या दशकात इसुझू इंजिन आलं, ते मेट्रिक. म्हणजे त्या गाड्यांत इंजिन मेट्रिक आणि खालचा सांगाडा बराचसा इंची. आणि बीएमसी इंजिनवर सोलेक्स कार्बोरेटर असेल तर सोलेक्स मूळ फ्रेंच, त्याचे छोटे स्क्रू मेट्रिकच, मग इंजिन इंची का असेना.

विलीस आणि जुन्या महिंद्रा जीप: यूएनएफ आणि यूएनसी. पण प्यूजोचं डिझेल इंजिन आलेल्या महिंद्रात इंजिन मेट्रिक. आणि पंजाब-हरियाणाकडून बांधून आलेली जीप असेल तर काहीच गृहीत धरू नका, प्रत्येक भोक वेगळं तपासा.

> तपासा: तुमच्या गाडीचं इंजिन मूळचंच आहे का? आरसी बुकातलं इंधन आणि इंजिन नंबर प्रत्यक्ष इंजिनशी ताडून बघा. इंजिन बदललेलं असेल तर बेलहाउसिंग (इंजिन आणि गिअरबॉक्समधलं घंटेच्या आकाराचं आवरण), माउंटिंग आणि गिअरबॉक्सच्या जोडावर दोन्ही प्रकारचे आटे शेजारी-शेजारी सापडतात.

## २. खोलतानाच पिशव्या आणि चिठ्ठ्या

एका डब्यात सगळे बोल्ट टाकायची सवय मोडा. प्रत्येक जोडाची वेगळी झिपलॉक पिशवी, आत कागदाची चिठ्ठी. पिशवीवर मार्करने लिहिलेलं डिझेल लागलं की पुसून जातं, म्हणून चिठ्ठी आतच. चिठ्ठीवर काय लिहायचं: जागा, एकूण किती, आणि कुठला बोल्ट लांब कुठला आखूड. वॉटर पंप आणि टायमिंग कव्हर अशा ठिकाणी एकाच कव्हरला दोन-तीन लांबीचे बोल्ट असतात, तिथे जुन्या पुठ्ठ्यावर कव्हरचा आकार काढून भोकं पाडायची आणि बोल्ट त्या-त्या भोकात खोचून ठेवायचे. यापेक्षा चांगली पद्धत मला अजून सापडलेली नाही.

गंजलेला बोल्ट असेल तर पेनिट्रंट, म्हणजे गंज सोडवणारं पातळ तेल, मारून रात्रभर ठेवा, सकाळी सोडवायच्या आधी किंचित आवळायच्या दिशेने हलवा, मग सोडवा. बिजागऱ्यांचे खाच असलेले किंवा चौफुलीचे स्क्रू हाताने सुटत नाहीत, त्यांना हातोडीवाला इम्पॅक्ट ड्रायव्हर लागतो, नाहीतर डोकं गोल होतं आणि मग ड्रिल.

> सावधान: विलीस घराण्यातल्या जुन्या जीपच्या डाव्या बाजूच्या चाकांना उलटे आटे असू शकतात. स्टडच्या तोंडावर किंवा नटावर इंग्रजी एल अक्षर असतं, गंज घासून बघा. ते न बघता चार फुटी पाइप लावून नेहमीच्या दिशेने सोडवायला गेलात तर स्टड तुटतो.

## ३. साफ केल्याशिवाय मोजू नका

आट्यांत रंग, ग्रीस, गंज आणि जुनं शेलॅक बसलेलं असतं आणि त्यामुळे व्हर्नियर (जाडी मोजायचं साधन) खोटं बोलतं. बोल्ट रॉकेलमधे बुडवून पितळी ब्रशने घासा. लोखंडी वायर ब्रशची मोटर लावलीत तर जुन्या बोल्टाचे आटे गोल होतात आणि वरचं प्लेटिंगही जातं, मग मूळ फिनिश कुठलं होतं तेही कळत नाही.

भोक साफ करायला टॅप, म्हणजे भोकात आटे पाडायचं हत्यार, मारू नका. टॅप कापतो, आणि आधीच सैल झालेलं भोक आणखी सैल करतो. त्या आट्याचा एक खात्रीचा बोल्ट घ्या, हॅकसॉने त्याच्या लांबीत एक खाच पाडा, खाचेच्या कडा कानशीने मोकळ्या करा आणि थोडं तेल लावून हाताने आत-बाहेर फिरवा. मळ त्या खाचेत जमा होतो. पण यासाठी आटा कुठला ते आधी कळलेलं असायला हवं, म्हणून सुरुवातीला फक्त नायलॉन ब्रश आणि हवा, खाचवाला बोल्ट सहाव्या पायरीनंतर.

## ४. जाडी मोजा, पण तिच्यावर निर्णय घेऊ नका

व्हर्नियर कॅलिपर घ्या, साधा डिजिटल चालतो. न झिजलेल्या आट्यांच्या शेंड्यांवर, म्हणजे वर आलेल्या कडांवर, धरून माप घ्या. आता इथली गंमत समजून घ्या. कुठलाही बोल्ट त्याच्या नावापेक्षा किंचित बारीकच असतो, म्हणजे ८ एमएमचा बोल्ट ७.८५ च्या आसपास भरतो. आणि अडीच सूत (एक सूत म्हणजे १/८ इंच) म्हणजे ५/१६ इंच, नावाने ७.९४ एमएम, तोही प्रत्यक्षात ७.८ च्या पुढे-मागेच भरतो. दोघांमधे व्हर्नियरवर फरक जवळजवळ दिसतच नाही, जुन्या झिजलेल्या बोल्टावर तर नाहीच नाही. म्हणून "व्हर्नियरने बघितलं, आठच आहे" हे वाक्य अँबेसडर आणि जीपवाल्यांना सगळ्यात महागात पडतं.

दुसरे आकार तुलनेने सोपे आहेत: पाव इंच म्हणजे ६.३५, तीन सूत म्हणजे ९.५, साडेतीन सूत ११.१, अर्धा इंच १२.७. हे ६, १० आणि १२ एमएमपासून निदान वेगळे दिसतात.

पान्यावरून ओळखायची सवय तर पूर्ण सोडा. ५/१६ यूएनएफच्या डोक्याला अर्ध्या इंचाचा पाना लागतो, म्हणजे १२.७ एमएम, त्यावर १३ चा पाना थोडा ढिला का होईना बसतो. आठ एमएमच्या बोल्टालाही १३ चाच पाना. मग फिटर म्हणतो "तेराचा पाना बसला, आठचा बोल्ट आण". तसंच ३/४ इंचाचं डोकं १९.०५ भरतं आणि १९ चा पाना त्यावर चपखल बसतो. उलट आठ एमएमचाच बोल्ट जपानी गाडीत १२ च्या डोक्याचा असतो. डोकं फक्त इशारा देतं, उत्तर आट्यांतच असतं.

## ५. पिच मोजा, खरी ओळख इथे

थ्रेड गेज नावाची पात्यांची जुडी मिळते ती घ्या. आपल्याकडे सहज मिळणाऱ्या स्वस्त जुडीत एका बाजूला मेट्रिक आणि दुसऱ्या बाजूला व्हिटवर्थची, म्हणजे जुन्या ब्रिटिश इंची आट्यांची, पाती असतात. यूएनएफची पाती वेगळी नसली तरी काम भागतं, कारण इंचाला किती आटे हा आकडा तोच असतो, फक्त कोन वेगळा. व्हिटवर्थ आणि त्याच घराण्यातला बारीक आट्याचा बीएसएफ यांचा कोन ५५ अंश, यूएनएफ, यूएनसी आणि मेट्रिकचा ६०. पातं बोल्टावर ठेवून खिडकीकडे धरा. आटे मोजणीत जुळतात पण उतारावर सगळीकडे सारखी बारीक फट उजेडाला दिसते, असं असेल तर मोजणी बरोबर आणि घराणं वेगळं.

गेज नसेल तर दहा आट्यांची लांबी मोजा. एका शेंड्यावरून सुरू करून दहा दऱ्या ओलांडून पुढच्या शेंड्यापर्यंत. सगळ्यात जास्त घोळ होणाऱ्या आठ एमएमच्या आसपासच्या गटाची मापं ही, लिहून गॅरेजच्या भिंतीवर चिकटवा:

- ८ एमएम × १.२५: दहा आटे १२.५ एमएम
- ५/१६ यूएनएफ, इंचाला २४: दहा आटे १०.६ एमएम
- ५/१६ बीएसएफ, इंचाला २२: दहा आटे ११.५ एमएम
- ५/१६ यूएनसी आणि व्हिटवर्थ, इंचाला १८: दहा आटे १४.१ एमएम

बाकीच्या आकारांना इंचाचा हिशोब असा आहे. यूएनएफ: पाव इंचाला २८, तीन सुताला २४, साडेतीन सुताला २०, अर्ध्या इंचाला २०. यूएनसी: पाव इंचाला २०, तीन सुताला १६, साडेतीन सुताला १४, अर्ध्या इंचाला १३. व्हिटवर्थ बहुतेक ठिकाणी यूएनसीसारखाच, फक्त अर्ध्या इंचाला १२. मेट्रिकमधे ६ एमएमला १, १० एमएमला १.५ किंवा १.२५ किंवा १, आणि १२ एमएमला १.७५, १.५ किंवा १.२५.

> सावधान, ही चूक जिवावर बेतते: अर्धा इंच यूएनएफचा पिच १.२७ एमएम, आणि १२ × १.२५ चा पिच १.२५. म्हणजे अर्ध्या इंचाचा चाकाचा नट १२ एमएमच्या बारीक आट्याच्या स्टडवर फिरत-फिरत शेवटपर्यंत जातो, कुठेही अडकत नाही, आवळल्यासारखाही वाटतो. पण आटे फक्त टोकाला टोक घासून धरलेले असतात. जीपला दुसऱ्या गाडीचा अॅक्सल किंवा हब लावलेला असेल तर प्रत्येक स्टड मोजा आणि कोरडा नट हाताने अर्धा चढवून बाजूला हलवून बघा. लटलटला तर ती गाडी रस्त्यावर न्यायची नाही.

> सावधान, ब्रेक पाइप: ३/८ यूएनएफ आणि १० × १ या दोन नटांची जोडी पण अशीच फसवी. ३/८ चा नट १० च्या भोकात सैल जातो आणि ब्रेक दाबल्यावर आटे सोडून देऊ शकतो. शिवाय पाइपाच्या तोंडाचा फुगवटाही वेगळा असतो, त्यामुळे नट जमला तरी सील जमेलच असं नाही. ब्रेकच्या ठिकाणी "जवळपास" नावाचं माप नसतं.

## ६. आता भोक तपासा

खरा निकाल इथे लागतो. प्रत्येक आट्याचा एक-एक नवा, खात्रीचा, चांगल्या कंपनीचा बोल्ट आणि नट विकत घेऊन तारेत ओवून ठेवा आणि प्रत्येकाला पत्र्याची चिठ्ठी लावा. अँबेसडर किंवा जीप असेल तर पाव, ५/१६, ३/८ यूएनएफ आणि यूएनसी, पद्मिनी असेल तर ६ × १, ८ × १.२५, १० × १.२५ आणि १० × १.५. एवढ्यात नव्वद टक्के काम निघतं. हे बोल्ट गाडीत कधीही वापरायचे नाहीत, हे तुमचे गेज.

बोटांनी, पाना न लावता, भोकात फिरवा. बरोबर आटा असेल तर पूर्ण खोलीपर्यंत मऊ जातो आणि बाजूला हलवला तर फार खेळत नाही. दोन-तीन आट्यांनंतर ठाम अडकला म्हणजे पिच वेगळा. शेवटपर्यंत गेला पण लटलटतो म्हणजे एकतर भोक झिजलंय किंवा तो वर सांगितलेला फसवा जोड आहे.

बंद भोक असेल आणि काहीच जमत नसेल तर सुतारकामातली मऊ लाकडाची काडी भोकाच्या जाडीपेक्षा जराशी जाड तासा, आत फिरवत दाबा आणि उलटी फिरवून काढा. लाकडावर आट्यांचा स्पष्ट ठसा येतो, त्यावर गेज धरून मोजता येतो.

> तपासा: एकाच कव्हरची सगळी भोकं तपासा, एक नाही. चारपैकी तीन ५/१६ यूएनएफ आणि चौथं ८ एमएमने टॅप मारलेलं, असं जुन्या गाड्यांत पदोपदी दिसतं. असं भोक सापडलं की रंगाचा ठिपका द्या आणि वहीत लिहा.

## ७. लांबी, मान आणि डोकं

लांबी डोक्याच्या खालून मोजतात, पण काउंटरसंक, म्हणजे डोकं पृष्ठभागात बुडणाऱ्या, स्क्रूची लांबी डोक्यासकट. हे दुकानदारालाही सांगा, कारण दरवाजाच्या पॅनलला पाच एमएम लांब स्क्रू गेला तर तो आतल्या काचेला किंवा वायरिंगला लागतो. लोखंडात बोल्ट निदान त्याच्या जाडीइतका आत जायला हवा, अॅल्युमिनियममधे दीडपट ते दुप्पट. बंद भोकात खोली मोजा आणि बोल्ट तळाला टेकणार नाही एवढी जागा सोडा. तळाला टेकलेला बोल्ट आवळलेला वाटतो पण कव्हर मोकळंच असतं, ऑइल गळतं ते तिथूनच.

मान म्हणजे आटे नसलेला गुळगुळीत भाग. सस्पेन्शन, शॅकल, स्टिअरिंग बॉक्स अशा ठिकाणी जिथे आडवा मार बसतो तिथे मानेचाच भाग छिद्रात यायला हवा, आट्यांचा नाही. बाजारात "हाफ थ्रेड" म्हणून मागा. फुल थ्रेड बोल्ट तिथे लावला तर आटे छिद्राच्या कडेला खात राहतात आणि काही महिन्यांत खडखड सुरू होते. मान फार लांब असेल तर उलटा त्रास, नट मानेला येऊन थांबतो आणि जोड सैलच, मग लोक वायसरच्या चवडी लावतात. त्याऐवजी बरोबर मानेचा बोल्ट शोधा.

काउंटरसंकमधे डोक्याचा कोनही बघा. मेट्रिक ९० अंशाचा, यूएनएफ-यूएनसी घराण्याचा साधारण ८२. चुकीचा कोन असेल तर डोकं फक्त कडेवर टेकतं, आवळलं तरी सुटतं, आणि क्रोमच्या पट्टीवर असेल तर पट्टी वाकते. आतल्या सजावटीला लागतात ते अर्धवट उभारलेल्या डोक्याचे काउंटरसंक आणि खाली कप वायसर, हे दोन्ही एकत्रच मागा म्हणजे जोडी जुळते.

पत्र्यात जाणारे सेल्फ टॅपिंग स्क्रू नंबराने चालतात: ६ नंबर ३.५ एमएम, ८ नंबर ४.२, १० नंबर ४.८. भोक ढिलं झालं म्हणून पुढच्या नंबरचा स्क्रू लावायचा मोह होतो, आणि मग त्याच्या पुढचा. असं करत-करत पत्र्याला पाऊण इंचाचं भगदाड पडतं. त्यापेक्षा पत्र्यावर चढणारी यू क्लिप लावा, मूळ स्क्रू परत धरतो.

## ८. ताकद: डोक्यावर काय लिहिलंय

हार्डवेअरच्या दुकानात काही न सांगता मिळतो तो एमएस म्हणजे माइल्ड स्टीलचा बोल्ट, साधारण ४.६ ग्रेडचा, गेट आणि टेबलासाठी ठीक. गाडीच्या चालत्या भागांना एचटी म्हणजे हाय टेन्साइल लागतो. मेट्रिकवर ८.८, १०.९ असे आकडे कोरलेले असतात. ८.८ चा अर्थ ताणाची ताकद ८०० मेगापास्कल आणि कायमचा ताणला जायची सुरुवात त्याच्या ८० टक्क्यांवर. यूएनएफवर आकडे नसतात, डोक्यावर रेघा असतात: तीन रेघा म्हणजे ग्रेड ५, जो साधारण ८.८ च्या जोडीचा, आणि सहा रेघा म्हणजे ग्रेड ८, साधारण १०.९. जुन्या ब्रिटिश बोल्टावर गोल खोलगट रिंग किंवा कडेला एकमेकांना चिकटलेले तीन गोल दिसले तर तो यूएन घराण्याचा आहे ही पक्की खूण, धुतल्यावर नीट बघा.

डोकं एकदम कोरं असेल तर त्याला कमकुवत धरूनच चाला. आणि जिथे मूळ ८.८ आहे तिथे "जास्त ताकदीचा बरा" म्हणून १२.९ चा अॅलन बोल्ट सरसकट लावू नका. तो कडक असतो, वारंवार वाकणाऱ्या जागी वेळ न देता एकदम तुटू शकतो.

> सावधान: स्टेनलेस स्टील म्हणजे मजबूत असा समज फार पसरलाय. बाजारात मिळणारा ए२-७० स्टेनलेस ८.८ पेक्षा कमजोर आहे. नंबरप्लेट, मडगार्डची किनार, आतली सजावट इथे बिनधास्त लावा. ब्रेक, स्टिअरिंग, सस्पेन्शन, सीट बेल्ट आणि इंजिन माउंटला नको. स्टेनलेसचा नट स्टेनलेसच्याच बोल्टावर कोरडा आवळला तर मधेच चिकटून बसतो आणि मग कापावा लागतो, म्हणून अँटी-सीझ, म्हणजे आटे चिकटू न देणारी पेस्ट, लावा.

## ९. प्लेटिंग आणि हवा

रत्नागिरी, अलिबाग, मुंबईच्या खाऱ्या हवेत कोरा बोल्ट एका पावसाळ्यात लाल होतो. झिंक प्लेटिंग केलेलाच घ्या. स्टेनलेस बोल्ट थेट अॅल्युमिनियमच्या भागात असेल तर खाऱ्या हवेत अॅल्युमिनियम पांढरं होऊन खाल्लं जातं, मधे ग्रीस किंवा अँटी-सीझ हवंच.

जुने मूळ बोल्ट परत प्लेटिंग करून वापरायचे असतील, आणि खरं तर दिसण्यासाठी तेच सगळ्यात छान, तर ८.८ पर्यंतचे द्या. १०.९ आणि त्यावरचे बोल्ट साध्या प्लेटिंगवाल्याकडे टाकू नका. आम्लात बुडवल्यावर पोलादात हायड्रोजन शिरतो, लगेच भट्टीत काही तास तापवून तो काढला नाही तर बोल्ट ठिसूळ होतो आणि आवळल्यावर काही तासांनी आपोआप तुटतो. देण्याआधी मोजून द्या आणि मोजून घ्या, दुसऱ्यांच्या बोल्टात मिसळतात.

## १०. बाजारात काय म्हणायचं

"तीन सूत द्या" म्हटलं की इंची बोल्ट ठेवणारा दुकानदार सवयीने व्हिटवर्थ देतो, जाड आट्याचा, कारण शेती आणि फॅब्रिकेशनवाले तोच नेतात. तुमच्या जीपला हवा असतो यूएनएफ, बारीक आट्याचा. म्हणून मागणी अशी लिहून न्या, तोंडी नको: "३/८ यूएनएफ, इंचाला २४ आटे, लांबी डोक्याखालून दीड इंच, हाफ थ्रेड, ग्रेड ५ किंवा ८.८, झिंक, दहा नग, सोबत त्याच आट्याचे नट." पद्मिनीसाठी: "१० × १.२५ पिच, ४० लांबी, ८.८." पिच शब्द वापरला की दुकानदारालाही कळतं की तुम्हाला काय हवंय ते माहीत आहे, आणि तो आतला डबा काढतो.

मुंबईत नागदेवी स्ट्रीटवर नट-बोल्टचीच दुकानं आहेत, यूएनएफ आणि बारीक पिचचं मेट्रिक तिथे शोधा. पुण्यात मोटारीच्या स्पेअरसाठी नाना पेठ आणि हार्डवेअरसाठी बोहरी आळी. जुना बाजार मूळ डोक्याच्या स्क्रूंसाठी बरा, पण तिथला बोल्ट चालत्या भागांना नको. काहीच मिळत नसेल, खास स्टड किंवा विचित्र मानेचा बोल्ट असेल, तर कोल्हापूरच्या उद्यमनगरासारख्या ठिकाणचा टर्नर बनवून देतो, फक्त एमएसच्या सळईतून बनवू देऊ नका, ८.८ किंवा १०.९ च्या जाड बोल्टातूनच काढायला सांगा.

एचटी बोल्ट घेताना डोक्यावर ग्रेडसोबत कंपनीचं नाव आहे का बघा, टीव्हीएस किंवा अनब्रेको असं कोरलेलं असतं. फक्त ८.८ लिहिलेला आणि नाव नसलेला बोल्ट ब्रेक-स्टिअरिंगला घेऊ नका.

> तपासा: दुकानातच, पैसे द्यायच्या आधी, तारेतला तुमचा गेज-नट प्रत्येक नव्या बोल्टावर बोटांनी चढवून बघा. एकाच खोक्यात दोन आट्यांचे बोल्ट मिसळलेले असतात. दुकानदार कुरकुरला तरी चालेल.

## ११. बसवताना

सगळे बोल्ट आधी बोटांनी किमान पाच आटे, मग पाना. तिरका धरलेला बोल्ट ओळखायचा उपाय म्हणजे आधी उलट्या दिशेने हळू फिरवा, आटा आट्यात पडला की टक् असा बारीक झटका बोटांना लागतो, तिथून पुढे आवळा. अॅल्युमिनियममधे ही सवय हवीच.

टॉर्क, म्हणजे किती जोराने आवळायचं ते, गाडीच्या मॅन्युअलमधून घ्या. मॅन्युअल नसेल आणि साधी जागा असेल तर ८.८ मेट्रिकसाठी अंदाज असा: ६ एमएमला साधारण १० न्यूटन-मीटर, ८ ला २५, १० ला ४८. हे लोखंडात. अॅल्युमिनियममधे कमी. तेल किंवा अँटी-सीझ लावलेल्या आट्याला तोच टॉर्क दिला तर बोल्ट जास्त ताणला जातो, म्हणून तिथेही कमी करा. हेड आणि कनेक्टिंग रॉडला हे आकडे वापरायचे नाहीत, तिथे मॅन्युअलच.

नायलॉनचा नट एक्झॉस्टजवळ लावू नका, उष्णतेने नायलॉन मऊ पडतं. तिथे पितळी नट. लॉकटाइट (बोल्ट आपोआप सुटू नये म्हणून आट्यांना लावायचा द्रव) लावायचं तर निळं २४३, आणि आटे पेट्रोल किंवा थिनरने कोरडे करून, तेलकट आट्यावर त्याची पकड कमी होते.

भोक गेलेलंच असेल तर एक साइज मोठा टॅप मारायचा नाही. अँबेसडरच्या ५/१६ भोकाला १० एमएम करून टाकलं की पुढच्या मालकाला तो पार्ट आणि त्याचं कव्हर दोन्ही कायमचे वेगळे झाले. हेलिकॉइल, म्हणजे भोकात बसवायची आट्यांची तारेची गुंडाळी, बसवा, की मूळ मापाचाच आटा परत मिळतो आणि अॅल्युमिनियममधे तर तो पहिल्यापेक्षा मजबूत असतो. हेलिकॉइलचं किट मात्र आट्याप्रमाणे वेगळं येतं, ५/१६ यूएनएफचं किट आणि ८ एमएमचं किट एकमेकांना चालत नाहीत, घेताना पिच बघून घ्या.

गाडी शंभरेक किलोमीटर चालवून इंजिन पूर्ण थंड झाल्यावर मॅनिफोल्ड, माउंटिंग आणि चाकांचे नट परत टॉर्क करा. प्रत्येक डोक्यावरून बाजूच्या पत्र्यावर पेंटची बारीक रेघ ओढून ठेवा. पुढच्या सर्व्हिसला रेघ तुटलेली दिसली तर तो बोल्ट फक्त आवळून सोडू नका, काढून आटे आणि ग्रेड पुन्हा चौथ्या पायरीपासून तपासा.